दीड बोट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मामाने छऱ्याची बंदूक घ्यायचे ठरवले आणि 'एन.सी.सी.त दोन वर्षे काढलेला भाचा' या नात्याने तिची निवड माझ्याकडे आली. शिबिरात मी पॉइंट टू-टू रायफलने एकूण पंधरा गोळ्या झाडल्या होत्या. मामाच्या घरात तेवढ्यावर मी निशाणेबाज ठरलो होतो, आणि हा गैरसमज दूर करण्याची मलाही काही घाई नव्हती.

बंदूक हवी होती ती घुशींसाठी. मामाचे घर राजापूर तालुक्यात. पडवीखाली आणि गोठ्याच्या चौथऱ्यात घुशींनी बिळे पोखरून ठेवलेली. कणगीतले भात, रुजत घातलेले नारळ, कोंबडीची पिल्ले, त्यांना काहीच वर्ज्य नव्हते. सापळ्यात एक सापडली. बाकीच्या शहाण्या झाल्या. विष घातले त्या वर्षी पहिली मेली ती मामीची मांजर. मेलेली घूस तिने खाल्ली असावी. तेव्हापासून त्या घरात विषाचे नाव काढायची सोय उरली नाही. त्यात पावसाळा तोंडावर आलेला, आणि लेप्टोच्या तापाची धास्ती आमच्या कोकणात नवी नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारचे तात्या अंगणात येऊन म्हणाले, "आणताच आहात तर माझ्या माडावरची वानरंही घ्या उडवून." मामाने साफ नकार दिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर 'शिकार' हा शब्द आपल्याकडे गोष्टींतच उरला आहे, हे मामा जाणून होता. पण त्याने कारण वेगळेच सांगितले. "छऱ्याने वानर मरत नाही तात्या. छर्रा अंगात घेऊन चार महिने हिंडतं आणि मग कुठंतरी सडून मरतं."

कोल्हापूरच्या दुकानदाराने आधी ओळखपत्र मागितले, मग विचारले, "कागद फोडायचाय की काही मारायचंय?" या एका प्रश्नावर निम्मी निवड ठरते, हे मला तिथे कळले. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटर व्यासाची आणि वीस ज्यूलपर्यंत जोराची हवेची बंदूक परवान्याशिवाय मिळते. त्यापुढची नाही. तेव्हा 'मोठी घेऊ की लहान' हा वाद आपोआप मिटला. उरले दोन प्रकार. एकात हवा पंपाने आधीच भरून ठेवायची. ती झाडताना हिसका देत नाही, पण तिची किंमत ऐकून मामाने नुसते "बरं" म्हटले. दुसरीत नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची. आम्ही ही घेतली. छरे गोल डोक्याचे घेतले. चपट्या डोक्याचा छर्रा कागदाला स्वच्छ वाटोळे भोक पाडतो खरा, पण लांब जाताना गोल डोक्याचा अधिक सरळ जातो.

दुर्बिणीचा हट्ट मामाचा. मी ऐट मिरवत म्हणालो, "२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने पन्नास मीटरवर कांस्यपदक मिळवलं, त्याच्या रायफलीवर कुठं दुर्बीण होती? त्या स्पर्धेत ती चालतच नाही."

"त्याचं लक्ष्य जागचं हलत नव्हतं," मामा म्हणाला, "आणि अंधारात भातही खात नव्हतं."

इथे मी चूक केली. एका मित्राकडे मोठ्या रायफलीची जुनी दुर्बीण होती: हातभर लांब, नऊपट मोठे दाखवणारी. ती स्वस्तात मिळवून बंदुकीवर चढवली. रुबाब असा की तात्यासुद्धा दोन मिनिटे गप्प झाले. पण पन्नासेक छरे झाडून होतात तो आतली फुली कलंडली, आणि एक भिंग सुटून खुळखुळू लागले. कारण मागाहून समजले. दारूची रायफल झाडताना मागे धक्का देते, आणि सामान्य दुर्बीण तेवढा एक धक्का सोसायला बनवलेली असते. स्प्रिंगची बंदूक आधी मागे उसळते आणि आतला दट्ट्या टोकाला आदळताच लगेच पुढे हिसकते. हा उलटा हिसका भल्या भल्या दुर्बिणींना खिळखिळे करतो. मग निमूटपणे हवेच्या बंदुकीसाठीच बनवलेली, चारपट दाखवणारी आखूड दुर्बीण आणली, आणि ती मागे सरकू नये म्हणून पट्टीला अडसर लावला. चारपट पुरेसे असते. नऊपटीत घूस मोठी दिसते तशी आपल्या हाताची थरथरही नऊपट दिसते.

धरण्याची रीतही नव्याने शिकावी लागली. शिबिरात उस्तादांनी रायफल खांद्यात घट्ट ओढून धरायला शिकवले होते. ही बंदूक घट्ट धरली की छरे विखुरतात. तळहातावर नुसती ठेवायची आणि तिला उसळू द्यायचे. वीस पावलांवर पुठ्ठा लावून दोन दिवस हेच केले, तेव्हा छरे रुपयाएवढ्या जागेत पडू लागले.

"खेळण्यातलीच ना ती?" असे मामी विचारी. मला सालीम अली आठवत. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे, की मामांनी दिलेली तीही हवेची, खेळण्यातलीच बंदूक होती. तिने पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला, आणि ती कुठली म्हणून विचारायला पोरगा १९०८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथेतली चिमणी मेली होती, ही गोष्ट आपण चटकन ओलांडून जातो. मीही जात असे.

मेच्या अखेरीस एका रात्री पडवीत बसलो. दिव्याला लाल कागद गुंडाळला होता. उंदरांच्या जातीला लाल उजेड फारसा जाणवत नाही. अकराच्या सुमारास गोठ्यापाशी घूस आली. दुर्बिणीत ती इतकी स्वच्छ दिसली की मी दचकलो. पुढच्या दोन पायांत भाताचा दाणा धरून ती तो सोलत होती. मिशा हलत होत्या. मागे दगडी जोते होते; छर्रा उलटून येईल म्हणून थांबलो. दाणा संपवून ती सरळ माझ्याच दिशेने आली आणि चार पावलांवर मातीच्या ढिगापाशी थबकली. आता ती अस्पष्ट दिसत होती, पण भिंगात मावेना एवढी मोठी. चार पावलांवरून कोण चुकतो? फुली डोक्यावर ठेवली आणि घोडा ओढला.

ती किंचाळली, कोलमडली आणि फरफटत बिळात गेली. आतून बराच वेळ आवाज येत होता. मामा उठून आला, काही न बोलता बिळापाशी बसून राहिला. उजाडल्यावर त्याने हातांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, कुदळीने जोत्याची कड उकरली आणि एका घावात तिचे संपवले. छर्रा डोक्यात नव्हता. खांद्यात शिरला होता.

"तू डोक्यावरच धरलं होतंस ना?"

"डोक्यावरच."

"मग पुठ्ठा आण."

चार पावलांवरून पाच छरे झाडले. पाचही, धरल्यापेक्षा दीड बोट खाली. दुर्बीण नळीच्या चांगली दीड-दोन इंच वर बसवलेली असते. नजर वरून जाते, छर्रा खालून. वीस पावलांवर दोघांची गाठ पडावी असे आम्हीच जुळवले होते. त्याच्या अलीकडे छर्रा नजरेच्या खालीच असणार. हे समजायला शास्त्र शाखा लागत नाही. नळीवर नुसती पट्टी ठेवून पाहिली असती तरी पुरले असते. दोन दिवस मी वीस पावलांवरच झाडत बसलो, कारण तिथे माझे छरे चांगले पडत होते.

दुपारभर आम्ही चार, आठ, बारा आणि सोळा पावलांवरून छरे झाडले. मामाने आकडे वहीच्या कागदावर लिहून तो दस्त्याला चिकटपट्टीने चिकटवला. पहिली ओळ: 'चार पावले – दीड बोट वर.' त्यानंतर पावसाळ्यापर्यंत तीन घुशी मारल्या. तिन्ही जागच्या जागी पडल्या.

जूनमध्ये तात्या बंदूक मागायला आले. वानरांचा विषय न काढता म्हणाले, "माझ्याकडेही घुशी आहेत." मामाने चार पावलांवर पुठ्ठा टेकवला आणि त्यांच्या हातात पाच छरे ठेवले. दस्त्यावरचा कागद त्यांनी वाचलाच नाही. पाचही छरे दीड बोट खाली गेले.

"खोट आहे बंदुकीत," तात्या म्हणाले.

"असेल," मामा म्हणाला, आणि बंदूक घेऊन खुंटीला लावली.