नो ड्यूज

विद्यापीठ सोडताना एक फॉर्म भरावा लागतो. त्याला सगळे 'नो ड्यूज' म्हणतात. ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा, मेस, लेखा विभाग, जिमखाना. प्रत्येक खिडकीवर जायचं, तिथल्या माणसाने रजिस्टर पाहायचं, शिक्का मारायचा. माझ्यावर ग्रंथालयाचे चौदा रुपये निघाले होते. ते भरले, पावती जोडली, अनामत रक्कम परत मिळाली आणि मी कोल्हारला घरी आले. कुणाचं काही देणं राहिलं नाही, असं विद्यापीठाने मला लिहून दिलं.

त्या फॉर्मवर कॉम्प्युटरचा रकाना नव्हता. माझा विद्यापीठाचा ईमेल, त्याला जोडलेलं ड्राईव्ह, त्यात सहा वर्षं साठवलेलं सगळं काही, याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा आहे.

जाग आली ती दोन गोष्टींनी, आणि दोन्ही एकाच आठवड्यात. पहिली म्हणजे विद्यापीठाची मेल: बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची खाती तीस दिवसांत बंद होतील. मेल आली तीही त्याच विद्यापीठाच्या पत्त्यावर, जो मी महिन्यातून एकदा उघडत असे. माझ्या नजरेस पडली तेव्हा तीसातले अकरा दिवस उरले होते. दुसरी गोष्ट म्हणजे एक फोन. आमच्या दूरच्या नात्यातल्या एक खाला वारल्याचं कळलं. मातीला जाता आलं नव्हतं. त्यांची नात म्हणाली, "आपा, तुम्ही दादीचं रेकॉर्डिंग केलं होतं ना? चाळिसाव्याच्या आत मिळेल का? आमच्याकडे तिचा आवाज कुठेच नाही."

माझा अभ्यास प्रवराकाठच्या मुस्लिम बायकांच्या ओव्यांवर होता. संगमनेरपासून खाली कोल्हार, मग नेवाशाकडे, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते तिथपर्यंतची गावं. मुसलमान बायका जात्यावर ओव्या म्हणत, हे सांगितलं की अजूनही काही लोक भुवया उंचावतात. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. मग त्यांच्या पोरीबाळींनी दळताना मराठीत गायलं तर नवल कसलं? खाला ओवी मराठीत म्हणत आणि मधे थांबून बोलत ते दखनीत. दोन्हींच्या मधे त्यांना कुठे सांधा जाणवत नसे.

नातीला मी म्हटलं, "मिळेल, इन्शाअल्लाह. ड्राईव्हवर आहे."

त्या रात्री ड्राईव्ह उघडलं, तर मुलाखतींचं फोल्डर जागेवर नव्हतं.

काय झालं ते समजायला मला दोन दिवस लागले. ते फोल्डर माझं नव्हतंच. आमच्या सरांनी, म्हणजे मार्गदर्शकांनी, ते त्यांच्या खात्यात उघडलं होतं आणि आम्हा विद्यार्थ्यांना वापरायला दिलं होतं. मला ते रोज दिसे, मी त्यात रोज काम करी, म्हणून मी ते माझं समजत होते. सर निवृत्त झाले. वर्षभरापूर्वी त्यांचं खातं काढून टाकलं गेलं आणि खात्याबरोबर फोल्डर गेलं. कॉम्प्युटर विभागाला फोन केला. तिथला मुलगा सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, काढलेलं खातं वीस दिवसांच्या आत परत आणता येतं. वर्ष झाल्यावर आमच्याही हातात काही नसतं."

पण त्यानेच एक वाट दाखवली. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये आपण आपल्या खात्यातून फाईल चढवली, तर फोल्डर त्याचं असतं पण फाईल आपलीच राहते. फोल्डर नाहीसं झालं की ती फाईल बेघर होते, मरत नाही. ड्राईव्हमध्ये 'स्टोरेज' म्हणून एक कप्पा आहे. तिथे आपल्या मालकीची प्रत्येक फाईल दिसते, मोठी आधी, लहान नंतर, मग ती कुठल्याही फोल्डरमध्ये असो वा नसो. मी तो उघडला. एकामागून एक आवाजाच्या फाईली दिसू लागल्या. गावाचं नाव, तारीख, माझ्याच हाताने दिलेली नावं.

एकूण मुलाखती ३१ होत्या. सापडल्या १९. बाकीच्या १२ मी विभागातल्या लॅपटॉपवरून चढवल्या होत्या आणि त्या लॅपटॉपवर सरांचं खातं उघडं असायचं. कॉम्प्युटरच्या हिशेबी त्या सरांनी चढवलेल्या ठरल्या आणि सरांबरोबर गेल्या. एवढ्याशा गोष्टीने बारा बायकांचा आवाज गेला. त्यांतल्या चौघी आता हयात नाहीत.

खालांच्या दोन बैठका झाल्या होत्या. पहिलीत त्यांनी तासभर ओव्या म्हटल्या होत्या. ती गेलेल्या बारांत होती. दुसरी बावीस मिनिटांची, बहुतेक गप्पांची. ती सापडली.

आता प्रश्न होता सगळं बाहेर काढण्याचा. विद्यापीठांना हे करावं का लागतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. अनेक विद्यापीठांचे ईमेल आणि ड्राईव्ह गुगलवर चालतात. पूर्वी शिक्षणसंस्थांना गुगल अमर्याद जागा फुकट देत असे. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाईट, आणि २०२२ पासून ते लागू झालं. शंभर टेराबाईट ऐकायला मोठं वाटतं. वीस हजार विद्यार्थी धरले तर माणशी ५ जीबी येतात. साध्या फुकट जीमेलला १५ जीबी मिळतात. मग गेलेल्या विद्यार्थ्यांची खाती रिकामी करण्यावाचून संस्थेपुढे फारसा मार्ग राहत नाही. माझी तक्रार खातं बंद करण्याबद्दल नाही. शिक्के गोळा करत फिरवताना हे एक वाक्य कुणी सांगितलं नाही, एवढीच आहे.

गुगलचं 'टेकआउट' नावाचं साधन आहे. त्यात आपला सगळा ऐवज गाठोडी बांधून उतरवून घेता येतो. मागणी नोंदवली की काही तासांनी, कधी काही दिवसांनी, दुवा येतो आणि तो साधारण आठवडाभर चालतो. इथे तीन गोष्टी मी ठेच लागून शिकले. एक, टेकआउटमध्ये फक्त आपल्या मालकीच्या फाईली येतात. 'शेअर्ड विथ मी'मधलं काही येत नाही, त्याची आधी स्वतःसाठी प्रत करावी लागते. दोन, ड्राईव्हमधला शॉर्टकट ही नुसती दारावरची पाटी असते, घर नव्हे. तीन, गाठोडी लहान बांधावीत, दोन-दोन जीबीची. मी पहिल्यांदा पन्नासची एकच मागितली आणि आमच्याकडे रात्री वीज गेली, राऊटर बंद, चार तासांचं काम पाण्यात. बेघर फाईली मी आधी माझ्या फोल्डरमध्ये ओढून घेतल्या आणि मगच मागणी नोंदवली. शिक्षणसंस्थेच्या खात्यातून थेट आपल्या खासगी जीमेलमध्ये सगळं हलवण्याचीही एक सोय आहे, पण ती विद्यापीठाने सुरू ठेवलेली असावी लागते. आमच्याकडे बंद होती.

चार रात्री लागल्या. अम्मी फज्रला उठायची तेव्हा मी जागीच असायची. हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर जात राहायचे आणि पडद्यावर ती निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची. अम्मीने एकदा विचारलं, "काय उतरवतेस एवढं?" मी म्हटलं, "बायका." तिला ते पुरलं.

मग दुसरी यादी केली. विद्यापीठाच्या ईमेलवर माझं काय काय टांगलेलं आहे? संशोधकाला मिळणारा ऑर्किड क्रमांक, परीक्षांची पोर्टलं, नोकरीच्या अर्जांची खाती, एका मासिकाची वर्गणी, आणि हो, बँकसुद्धा. पासवर्ड विसरलात तर नवा पासवर्ड त्या पत्त्यावर जाणार आणि तो पत्ता बंद. दार असेल, कुलूप असेल, किल्ली मात्र बंद घरात. प्रत्येक ठिकाणी जाऊन पत्ता बदलला. पदवी आणि गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आल्यात का ते पाहिलं. प्रबंधाची काळजी नव्हती. पीएच.डी.चे प्रबंध इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर जातात, माझाही तिथे आहे.

जुनी टिपणं हे वेगळंच दुखणं निघालं. सुरुवातीच्या मुलाखती मी गावातल्या टायपिंगवाल्याकडून टाईप करून घेतल्या होत्या, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे मराठीऐवजी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाईल शाबूत, पण मुकी. ती सगळी युनिकोडमध्ये बदलली आणि रफार नि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासली. मराठीत काम करणाऱ्यांनी हे खातं बंद व्हायची वाट न बघता करावं.

सगळं उतरल्यावर मी थांबले. कारण त्या गाठोड्यांत माझं नसलेलंही बरंच होतं. मी शिकवलेल्या वर्गाचे गुण होते. एका सर्वेक्षणात गोळा केलेले आधार कार्डांचे फोटो होते. बायकांचे फोन नंबर, घरातल्या भांडणांच्या कहाण्या, तलाकच्या, सवतीच्या. काहींनी सांगितलं होतं, "नाव लिहू नको हं." हे मी खासगी हार्डडिस्कवर कुठल्या हक्काने नेत होते?

आपल्याकडे अमानत हा शब्द फार मोठा आहे. अमानती ज्यांच्या त्यांना पोचत्या करा, असा कुरआनचा हुकूम आहे. आपण तो दागिन्यांना लावतो, पैशाला लावतो. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी आयत तर कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. पण कुणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट हीसुद्धा ठेवच ना? गुण आणि आधारचे फोटो मी पुसून टाकले, कचरापेटीतूनही. कहाण्यांमधली नावं काढून अक्षरं ठेवली. राहिले ते आवाज.

आवाज जपणाऱ्यांचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर कायम असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. ते दोघे आज नाहीत. पण तो संग्रह कागदावरून कॉम्प्युटरवर आला आणि २०१७ पासून 'पारी'ने तो लोकांसमोर ठेवला. माणसं गेली, साधनं बदलली, तरी ओवी एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत गेली, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी ओंजळ पुढे केली. माझ्या बारा बायकांसाठी ती मी केली नाही. मला वाटलं, ड्राईव्हवर आहे म्हणजे आहे.

म्हणून खालांची बावीस मिनिटंही अशाच एखाद्या संग्रहाकडे द्यावीत असं मनात आलं. आणि मग त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याला रेकॉर्डिंगबद्दल कळलं होतं. आवाजात राग नव्हता, ओझं होतं. "आपा, अम्मी आता कब्रीत आहे. तिचं गाणं लोकांनी मोबाईलवर ऐकावं, हे मला बरं वाटत नाही. तिच्यासाठी दुआ करू, कुरआनखानी करू. ते पुसून टाका." नातीला आवाज हवा होता, मुलाला तो नको होता. दोघांचंही प्रेम खरं होतं. अमानत कुणाची, हे कोण ठरवणार?

मी रेकॉर्डिंग पुन्हा पूर्ण ऐकलं. प्रबंध लिहिताना ओवीवर थांबले होते, शेवटच्या दोन मिनिटांकडे लक्षच दिलं नव्हतं. त्यांत भांड्यांचा आवाज आहे, कुणीतरी चहा आणल्याचा. मी म्हणते, "खाला, बंद करू?" आणि खाला म्हणतात, "कर. ये मेरी पोरियोंकू सुना. बाहर नक्को."

ज्यांची ठेव होती, त्यांनीच निकाल दिला होता. सहा वर्षं तो माझ्याकडे पडून होता आणि मी ऐकला नव्हता.

मी ती दोन मिनिटं आधी मुलाला पाठवली. तासाभराने त्याचा एका ओळीचा निरोप आला: पोरींना द्या. चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. दोन मेमरी कार्डं नेली, एक नातीला आणि एक लेकीला. बायकांच्या खोलीत दार लावून त्यांनी ते लावलं. खाला हसल्या तिथे सगळ्या हसल्या, आणि ओवी आली तेव्हा लेक ओढणीत तोंड घालून बसली. बाहेर मुलगा मंडपाच्या दोऱ्या बांधत होता. आवाज त्याच्यापर्यंत जात असणार. तो उठून लांब गेला नाही.

माझ्याकडची प्रत मी त्यांना विचारूनच ठेवली आहे. ती कुठल्याही संग्रहात जाणार नाही. उरलेल्या अठरा मुलाखतींसाठी आता एकेका घरी जाते आहे. आवाज देते आणि विचारते, पुढे काय करू? ज्या बारा हरवल्या त्यांच्या घरीही जावं लागेल, रिकाम्या हाताने. माफी मागायची आहे. त्या घरांत अजून कुणाला एखादी ओवी येत असेल, तर बसून ऐकायची आहे.

खातं ठरल्या दिवशी बंद झालं. माझा 'नो ड्यूज'चा कागद फाईलमध्ये आहे, सहा शिक्क्यांचा. सातवा रकाना मी त्यावर पेन्सिलने आखला आहे. तो अजून भरायचा आहे.