पाच सेंटिमीटरचा माणूस

नवी पेठेत मला लागणारे सगळे मिळते, फक्त ज्या कामासाठी ते विकायला ठेवलेले असते त्या कामासाठी मी घेत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले एम-सील लोक गळका नळ बुजवायला नेतात. माझ्याकडे त्याचा सैनिकाचा कोट होतो. मोटार रिवाइंडिंगवाल्याने काढून टाकलेली तांब्याची तार माझ्या टेबलावर कणा होते, पाय होते. नव्या बुटांच्या खोक्यातला पातळ कागद फेविकॉलच्या पाण्यात भिजवला की त्याचा पटका बांधता येतो. वह्यापुस्तकांच्या दुकानात झिरो नंबरचा ब्रश असतो, त्याचेही बरेच केस ब्लेडने उडवले की भुवईपुरते टोक उरते. "काय मालक, अजून नळ गळतोय का?" हार्डवेअरवाला विचारतो. मी मान हलवतो. सोलापुरात गिऱ्हाईकही मालक आणि दुकानदारही मालक, त्यामुळे कोणी कोणाच्या फार खोलात शिरत नाही.

मी युद्धपट पाहतो आणि त्यातली माणसे लहान करतो. एवढाच माझा छंद.

लहान म्हणजे किती, याचा हिशेब ठरलेला आहे. सैनिकी मॉडेलांच्या जगात 1/35 हे माप सगळ्यांत जास्त चालते, आणि ते कोणत्याही सेनापतीने ठरवलेले नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे बॅटरीवर चालणारे मॉडेल काढले. पोटात मोटर आणि दोन सेल मावले पाहिजेत, म्हणून रणगाडा तेवढा रुंद केला. मागाहून मोजले तर ते 1/35च्या आसपास निघाले. ते मॉडेल खपले, मग त्याच्या शेजारी उभे राहायला माणसे त्याच मापाची आली, आणि तेव्हापासून पाच फूट नऊ इंचांचा कुठल्याही देशाचा सैनिक पाच सेंटिमीटरचा झाला. टॉर्चच्या सेलने साऱ्या जगाच्या फौजेची उंची ठरवली.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मापाचा वेगळाच कायदा चालतो. तिथे महाराज सिंहासनावर सर्वांत मोठे, सरदार त्यांच्याहून लहान, मावळा त्याहून लहान. वाघ घोड्याएवढा आणि विहिरीवर पाणी भरणारी बाई बुरुजाएवढी. मुलांना त्यात काही खटकत नाही आणि खटकू नये. तिथे उंची मानाप्रमाणे मिळते. सिनेमाही तेच करतो. 'पावनखिंड' पाहून आलेली मुले बाजारात दोन्ही हातांत शस्त्रे परजलेले बाजीप्रभू मागतात, आणि विकणाराही त्यांना चार मावळ्यांच्या उंचीचे बाजीप्रभू काढून देतो. पडद्यावर नायकाचा चेहरा भिंतीएवढा दिसला, तर मातीत तो तसाच यायचा. 1/35मध्ये मात्र कोणाला सवलत नाही. जनरल पाच सेंटिमीटर, स्वयंपाकीही पाच सेंटिमीटर. नायकाला इतरांपेक्षा मोठा करायची सोय या मापात ठेवलेलीच नाही, आणि मला या छंदात धरून ठेवले ते बहुधा याच अडचणीने.

पण सगळे काही लहान होत नाही. कापड होत नाही. हे सोलापूरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. चादरीच्या आणि टॉवेलच्या या गावात कापडाचा पोत बोटांना पाठ असतो. गणवेशाचे सुती कापड पाव मिलिमीटर जाड धरा. त्याला 35ने भागले की मिलिमीटरचा एकशेचाळिसावा भाग येतो. तेवढी जाडी घडवणारे बोट अजून जन्माला यायचे आहे. खरे कापड बाहुल्यावर चढवले तर ते गोणपाटासारखे ताठ उभे राहते, कारण धागा आपले वजन आणि आपला ताठरपणा सोडत नाही. म्हणून कापड घडवावे लागते: कोपरात, गुडघ्यामागे, पट्ट्याखाली सुईच्या टोकाने चुण्या काढायच्या, आणि खऱ्यापेक्षा खोल काढायच्या. मापाशी प्रामाणिक राहिले तर कोट लोखंडी पत्र्याचा वाटतो. थोडे खोटे बोलले की तो कापडाचा होतो.

उजेडही लहान होत नाही. आमच्या गल्लीत दुपारी पडणारे ऊन खऱ्या माणसाच्या हनुवटीखाली ठळक सावली टाकते; पाच सेंटिमीटरच्या माणसाच्या हनुवटीखाली तेच ऊन काही करत नाही. त्यामुळे सावली रंगाने आणावी लागते. टोपीच्या कडेखाली गडद, नाकाच्या शेंड्यावर आणि खांद्यांवर फिकट, आणि एकूण रंग डब्यातल्या रंगापेक्षा एक पायरी विटका. बाबुराव पेंटरांनी 1923 साली 'सिंहगड' काढला तेव्हा रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे लावले. आपल्या सिनेमात असा उजेड वापरणाऱ्या पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. ते मुळात चित्रकार, शिल्पकार. ऊन आपल्या सोयीने पडत नाही, ते पाडावे लागते, हे त्यांना कॅमेऱ्याआधीच ठाऊक असणार. पुढे 1998मध्ये 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ने मुद्दाम रंग धुऊन काढलेले युद्ध दाखवले. झिरो नंबरचा ब्रश धरणाऱ्यांना त्यातली युक्ती लगेच ओळखीची वाटली.

सर्वांत अवघड प्रश्न असतो तो क्षणाचा. सिनेमाकडे क्षण भरपूर असतात, एक गेला की दुसरा येतो. फिगरला एकच मिळतो आणि त्यातून तिची सुटका नाही. 'बॉर्डर' 1997मध्ये आला. लोंगेवालाची ती डिसेंबर 1971ची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे शे-सव्वाशे जवान, समोर रणगाडे, आणि पहाट झाल्यावरच येऊ शकणारी हंटर विमाने. पडद्यावर नायक ओरडतो आणि थिएटर शिट्ट्यांनी भरते. तोच ओरडणारा माणूस कपाटात ठेवून पाहा. पहिल्या दिवशी तो शूर दिसतो. महिन्याभराने त्याचे उघडे तोंड दाताच्या डॉक्टरपुढचे वाटू लागते. डरकाळीला पुढचा क्षण लागतो, तो तिला मिळत नाही. टिकतात ते थांबलेले लोक: बुटाची नाडी बांधणारा, पाण्याची बाटली हलवून किती उरले ते कानाने ऐकणारा, नुसता वाट पाहणारा. लोंगेवालाच्या त्या रात्री प्रत्यक्षातही बराच वेळ पहाटेची वाट पाहण्यातच गेला असणार.

म्हणून युद्धपट पाहताना माझे लक्ष हल्ली मागच्या रांगेकडे असते. तसे पाहता पाहता मी व्ही. शांतारामांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'पाशी आलो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्याच गावचे. 10 ऑक्टोबर 1910चा जन्म. भैया चौकातले त्यांचे घर आता स्मारक आहे. मे 1930मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढे मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, आणि 1938मध्ये राष्ट्रीय सभेने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले त्यात गेले. बाकीचे चौघे परतले. कोटणीसांनी तिथेच गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, बेथ्यून शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद घेतले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32व्या वर्षी, तिथेच गेले. चित्रपट आला 1946मध्ये. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, कोटणीस झाले स्वतः शांताराम, चिंग लान जयश्री, आणि चिनी जनरल बाबुराव पेंढारकर.

हा युद्धपटच आहे, पण त्याच्या नायकाच्या हातात बंदूक नाही. फिगर बनवणाऱ्याला हे फार जाणवते. सैनिकाची फिगर बंदुकीभोवती उभी राहते. हात कुठे, खांदा किती वर, नजर कुठे, हे सगळे बंदूक ठरवते. ती काढून घेतली की दोन रिकामे हात उरतात आणि त्यांना काम द्यावे लागते. शल्यविशारदाच्या हातांना शस्त्रक्रियेचे काम देणे सोपे होते. 1940च्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. पण ओरडणाऱ्यासारखाच चिरफाड करणाराही एका क्षणात अडकून पडतो. मी त्यांना काम संपल्यानंतरचे केले: बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पाठ किंचित वाकलेली, एका हाताने दुसऱ्याचे मनगट चोळत.

मग रंगाचे आले. चित्रपट कृष्णधवल, तो काही बोलेना. कोटणीस ज्या चिनी सैन्यात होते त्या आठव्या रूट आर्मीचे कपडे गावोगावी विणलेले आणि मिळेल त्या रंगात बुडवलेले असत. कुठे राखाडी, कुठे निळसर, आणि धुतला की दर कपडा वेगळा. मागांच्या गावात राहण्याचा इथे उपयोग झाला. एकाच घाण्यातली दोन ठाणे सारखी निघत नाहीत, हे इथल्या कोणत्याही रंगाऱ्याला विचारा. मी कोटाला एक राखाडी दिला, पायजम्याला दुसरा, टोपीला तिसरा. तीन वेगळ्या राखाडींनी ते एकदम सैन्यातले वाटू लागले. एकाच रंगात ते बँडवाले दिसत होते.

कपाटात कोटणीसांच्याच फळीवर 'हकीकत' पाहून केलेले दोन जवान आहेत. चेतन आनंदांचा तो 1964चा चित्रपट 1962च्या लडाखचा. माझे दोघे अपुऱ्या कपड्यांत काखेत हात घालून बसलेले. त्यांच्यासमोरचा शत्रू चिनी, आणि शेजारचे कोटणीस चिनी सैन्याच्या टोपीतले. येणारेजाणारे विचारतात, यांना एकत्र कसे ठेवले? दोन्ही चित्रपटांत अठराच वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्यात टोपीचा अर्थ उलटा झाला. पण कोटणीसांच्या गावाने ते घर जपले. चीनने 1982मध्ये आणि भारताने 1993मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले, म्हणजे त्यांना आणखी लहान करण्यात दोन्ही सरकारांचे एकमत झाले. फळीवर ते तिघेही पाच सेंटिमीटरचेच आहेत. दोघे गारठलेले आणि तिसरा डॉक्टर, इतके कळले तर ठेवण पुरेशी बरोबर आहे.

आता स्ट्रेचर करायला घेतले आहे: दोन उचलणारे आणि एक जखमी. कापड आणि उजेड यांच्यानंतर इथे तिसरी अडचण येते ती वजनाची. लांबी 35ने भागली की वजन 35च्या घनाने, म्हणजे 42,875ने भागले जाते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, 1994पासून उघड्या आभाळाखाली उभे असलेले पन्नासेक टनांचे रणगाडे आहेत. त्यांच्याजवळ गेले की जमीन दबलेली वाटते, आणि घरी त्यांचीच प्लास्टिकची किट पंख्याच्या वाऱ्याने हलेल की काय असे वाटते. सत्तर किलोचा माणूस या हिशेबाने दीड ग्रॅमच्या थोडा वर भरतो. तेवढे उचलायला कोणाला कष्ट पडणार? म्हणून वजन उचलणाऱ्यांच्या अंगात घालावे लागते. पुढच्याचे गुडघे मोडायचे, मागच्याची मान खाली, दोघांच्या मुठींच्या शिरा वर, दांड्याच्या बाजूचा खांदा खाली ओढलेला, आणि मधल्या कापडाला असा झोळ द्यायचा की त्यात दीड ग्रॅम नव्हे, माणूस आहे हे पाहणाऱ्याच्या खांद्यांना कळावे. सिनेमात हे दोघे पडद्याच्या कडेने तीन सेकंदांत निघून जातात. मला त्यांच्या गुडघ्यांवरच अजून महिनाभर काम आहे.