लव्हाळ्याचा धडा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत परसांतील ओसाड जागा साफ करून तेथें भाजी लावावयाची, असें मीं मनाशीं ठरविलें. हराळी, लव्हाळा व गाजरगवत यांनीं ती जागा पार व्यापली होती. दोन दिवसांत मीं विळ्यानें सारें गवत सपाट कापलें, वाफे बांधले आणि आईनें वर्षभर जपलेलें भेंडीचें बीं पेरून पाणी दिलें. "मुळ्या काढल्यास ना?" वडिलांनीं विचारलें. मीं "हो" म्हटलें.

आठवड्याभरांत भेंडीच्या आधीं लव्हाळ्याचे कोंब वर आले आणि माझें खोटें उघडें पडलें. वडील रागावले नाहींत. त्यांनीं कुदळ माझ्या हातीं दिली. वीतभर खणतांच लव्हाळ्याच्या काळ्या गांठी सांपडूं लागल्या. एकेक गांठ म्हणजे एक नवें रोप! पेरलेलें बीं अर्थातच वायां गेलें. गांठी वेंचून, हराळीचीं मुळें उन्हांत वाळवून, शेणखत मिसळण्यास तीन आठवडे लागले. मग आईनें उरलेलें मूठभर बीं निमूटपणें माझ्या हातावर ठेविलें.

श्रावणांत भेंडी धरली. पहिली तोड आईच्या पदरांत घालतांना मला उमगलें, कीं वरवर कापलेलें तण आणि वरवर झांकलेली चूक, दोन्ही पुन्हां उगवतातच.