चूक आमची होती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे हे रिक्षा चालवतात. ताडीवाला रोडला आमची एक खोली आहे. त्या दिवशी थोरलीच्या कॉलेजची फी भरायला मी ह्यांच्याच रिक्षातून निघाले होते. मालधक्का चौकाजवळ पुढच्या मोटारीने एकदम ब्रेक मारला. रस्ता ओला. ह्यांनीही ब्रेक दाबला, पण रिक्षा घसरत जाऊन मोटारीवर आदळली. कोणाला खरचटलेही नाही. मोटारीचा मागचा बंपर मात्र चेपला आणि एक दिवा फुटला.

मोटारवाले उतरले ते ओरडतच. "दहा हजार काढा, नाहीतर चौकीत चला!" तेवढ्यात ओळखीचे तीन-चार रिक्षावाले धावून आले. "अण्णा, एक पैसा देऊ नका. त्यानंच मध्येच ब्रेक मारला. आम्ही साक्ष देतो!" त्यांच्यापैकी एकानेही काही पाहिले नव्हते. माझ्या पिशवीत फीचे पैसे होते. खरे सांगते, हे गप्प बसले तर बरे, असे मलाही वाटले.

पण हे म्हणाले, "साहेब, पुढच्या गाडीपासून अंतर मीच ठेवलं नव्हतं. चूक माझी आहे. पण दहा हजार कशाचे? चला, आधी मेकॅनिकला दाखवू."

मेकॅनिकने बंपर सरळ करणे, रंग आणि नवा दिवा मिळून तीन हजार चारशे सांगितले. मोटारवाल्यांचा आवाज खाली आला. चौदाशे तिथेच दिले, बाकीचे पंधरा दिवसांनी द्यायचे ठरले. ह्यांनी कागद मागून घेतला. तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, नुकसान काय, ठरले किती, दिले किती, हे सगळे लिहून दोघांनी सह्या केल्या. उरलेली रक्कम दिली त्या दिवशी "आता काही येणे नाही" असे त्याच कागदावर लिहून घेतले.

त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही. फी आठ दिवस लांबली. थोरलीने मुदतीसाठी अर्ज केला आणि एकच विचारले, "बाबा, रिक्षाचा विमा आहे ना?"

विमा होता. पण तो कागद आम्ही फक्त पोलिसांना दाखवायचा समजत होतो. पोरीने वाचून सांगितले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक गाडीला सक्तीचा केलेला हा विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपल्या गाडीने कोणाला इजा झाली किंवा कोणाची वस्तू मोडली, तर तो उपयोगी पडतो. आपल्याच रिक्षाच्या दुरुस्तीला त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी जास्त हप्त्याचा विमा लागतो. अपघाताची खबर कंपनीला लेखी द्यायची असते आणि तिला विचारल्याशिवाय परस्पर पैसे कबूल करायचे नसतात. म्हणजे आमचे पैसे गेले ते गेलेच! मात्र अशी भरपाई मागणाऱ्याला मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. दोन-तीन हजारांसाठी एवढी खटपट कोण करणार? म्हणून लोक आपसात मिटवतात.

मैत्रिणींनो, मिटवायचेच असेल तर आधी दोन्ही गाड्यांचे फोटो काढा, मेकॅनिककडून खर्च लिहून घ्या आणि सहीशिवाय पैसे देऊ नका. कोणाला मार लागला असेल तर मात्र रस्त्यात काही मिटवू नका. आधी दवाखाना, मग पोलीस.

रिक्षा स्टँडवर काही दिवस ह्यांची थट्टा झाली. "अण्णा फार साधे!" महिन्याभराने तिथल्याच एका पोराच्या रिक्षाला मागून टेम्पो लागला. टेम्पोवाला चूक मानायला तयार, पण पैसे नंतर देतो म्हणत होता. पोरगा धावत आमच्या दारात आला.

"अण्णा, तुमचा तो कागद दाखवा ना. कसा लिहायचा असतो?"

ह्यांनी पेटी उघडली. कागद थोरलीच्या फीच्या पावतीखालीच होता.