हिरवं छप्पर आणि पाण्याची वाट

भाद्रपदातलं ऊन पडायला लागलं की शीळ, डायघर, देसाई, पडले, खिडकाळी या गावांतली माणसं मला हमखास विचारतात, "छप्पर पार हिरवं झालंय. घासून घ्यायचं का?" मी छपरांची कामं करतो. कौलं परतणं, पत्रे बदलणं, गच्चीची गळती शोधणं हे माझं पोट भरण्याचं काम आहे, आणि माझ्या आवडीचंही. या प्रश्नाला मी लगेच हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. आधी विचारतो, छप्पर कशाचं आहे, त्यावर कोण चढणार आहे आणि आत कुठे ओल दिसते का.

शीळफाट्याच्या परिसरात तिन्ही तऱ्हेची छपरं जवळजवळ नांदतात. गावठाणात अजून काही कौलारू घरं तग धरून आहेत. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या पत्र्यांची गोदामं आहेत. त्यांच्या मागे स्लॅबच्या इमारती उभ्या आहेत. ठाण्याच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. रस्त्यावरच्या ट्रकांची धूळ आणि पारसिकच्या डोंगरातल्या खाणींची भुकटी छपरांवर बसते. ओल आणि धूळ एकत्र आली की हिरवळ धरणारच.

शेवाळाबद्दलची पहिली भीती घालवावी लागते ती मुळांची. कौलावर मखमलीसारखं वाढणारं शेवाळ कौलात मुळं घुसवत नाही, कारण त्याला खरी मुळं नसतातच. बारीक तंतूंनी ते पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि पाणी थेट पानांतून पितं. मार्चमध्ये वाळून तपकिरी पडतं, मेलं असं वाटतं, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर पुन्हा हिरवं होतं. गच्चीवरचा बुळबुळीत थर मात्र बहुतेक वेळा निराळा असतो. ती पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची साय असते. भिंतीवरचे काळे ओघळही अशाच सूक्ष्म जीवांचे असतात. दिसायला हे सगळं एकाच जातीचं वाटतं, पण त्याचं काय करायचं ते छपरागणिक बदलतं.

आधी कौलांचं बघू. पूर्वी इथल्या घरांवर नळीची कौलं असत. ती एकमेकांत अडकत नाहीत, नुसती एकावर एक पालथी-उताणी ठेवलेली असतात. वाऱ्याने, मांजरांनी, कावळ्यांनी ती सरकत. म्हणून दर वैशाखात घर शाकारावं लागे. कौलं उतरवायची, पुसायची, फुटकी बाजूला काढायची आणि पुन्हा रचायची. त्यात शेवाळ आपोआप निघून जाई, त्यासाठी वेगळं काम काढावं लागत नसे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि खाचा असलेली, एकमेकांत बसणारी मंगलोरी कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेली. दरवर्षीची शाकारणी त्यामुळे कमी झाली. हे मोठं सुख होतं. पण वर्षातून एकदा जाणत्या माणसाची नजर प्रत्येक कौलावरून फिरायची, तीही थांबली. आज शेवाळाचा प्रश्न पडतो तो बराचसा या थांबलेल्या नजरेमुळे.

थंड देशांत छपरावरचं शेवाळ काढा असं ठासून सांगतात, त्यामागे एक मोठं कारण बर्फाचं आहे. कौलात मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि कौल तडकतं. शीळफाट्याला पाणी गोठत नाही. त्यामुळे कौलाच्या उघड्या पाठीवर शेवाळाचा पातळ थर असेल तर मी त्याला हात लावत नाही. तो कुरूप वाटत असेल, पण घराला त्रास देत नाही.

त्रास होतो तो सांध्यात. एका कौलावर दुसरं चढतं तिथल्या खाचेत शेवाळाचा गोळा बसला की पाण्याची वाट अडते. पाणी खाचेच्या कडेवरून आत उतरतं. शिवाय ओलं शेवाळ पाणी धरून ठेवतं आणि चढाच्या दिशेनेही ओढतं. खाली रिपा, म्हणजे कौलांना आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, सतत ओल्या राहतात, मग वाशांना कुज लागते आणि ओल्या लाकडाला वाळवी शोधत येते. दोन पाखी जिथे मिळतात त्या पन्हळीत आंब्या-फणसाची पानं अडकली असतील तर हेच मोठ्या प्रमाणावर होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. शेवाळाच्या गादीत धूळ साठून माती तयार होते, आणि त्या मातीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी रुजतं. शेवाळाला मुळं नाहीत, पिंपळाला आहेत, आणि ती भिंत फोडतात. बोटभर रोप मुळासकट निघतं. हातभर झाल्यावर नुसतं छाटलं तर ते पुन्हा फुटतं.

म्हणून मी कौलारू घर आधी आतून बघतो. माळ्यावर चढून रिपांच्या खालच्या अंगाला काळे डाग आहेत का ते पाहायचं, वाशाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून लाकूड मऊ पडलंय का ते तपासायचं. उत्तरेकडचं पाखं आधी बघायचं, कारण पावसाळ्यानंतर तिथे ऊन तिरकं आणि कमी पडतं आणि ओल रेंगाळते. आत सगळं कोरडं असेल तर घरमालकाला सांगतो, "दादा, पन्हळ साफ करून घ्या. बाकीचं राहू द्या." ओल असेल तर तेवढ्या पट्ट्यातली कौलं उतरवून हाताने साफ करायची, लाकडी पट्टीने खाच मोकळी करायची आणि पुन्हा बसवायची. हे काम उन्हाळ्यात करावं. वाळलेलं शेवाळ सहज सुटतं आणि पायही घसरत नाही.

आजकाल जोरदार फवाऱ्याचं यंत्र आणून छप्पर धुवायची हौस वाढली आहे. जुन्या कौलांवर ते चालवू नये असं मला मनापासून वाटतं. भट्टीत भाजताना कौलाला जी घट्ट कातडी येते ती या माऱ्याने सोलली जाते. उघड्या पडलेल्या खरखरीत अंगात पाणी जास्त मुरतं आणि शेवाळ आणखी दाट येतं. तारेच्या ब्रशनेही हेच होतं. वरून फवारा सांध्याखाली शिरला तर पावसाने कधी भिजवलं नसतं ते लाकूड एका दुपारी भिजतं.

सिमेंटच्या पत्र्यांबाबत माझं उत्तर ठाम आहे. निव्वळ रंगासाठी त्यांवर माणूस चढवू नका. जुना पत्रा वरून भक्कम दिसतो, पण उन्हापावसाने ठिसूळ झालेला असतो. पाय पत्र्याखालच्या लोखंडी पर्लिनच्या, म्हणजे आधाराच्या आडव्या दांड्याच्या, रेषेवरून जरा ढळला की माणूस पत्र्यासकट खाली जातो. गोदामांचं छप्पर वीस-पंचवीस फुटांवर असतं आणि खाली काँक्रीट. हिरवा रंग जावा म्हणून कुणाच्या कमावत्या मुलाने तिथे चढावं, हे मला मान्य नाही. दुसरा धोका ॲस्बेस्टॉसचा. या जुन्या पत्र्यांत त्याचे तंतू असतात. कोरडे घासले किंवा फवाऱ्याने सोलले की ते मोकळे होतात, आणि श्वासावाटे छातीत गेलेल्या तंतूंमुळे होणारा कर्करोग कित्येक दशकांनी उघडा पडतो. अशा पत्र्यावरचं शेवाळ जसं आहे तसं राहू द्यावं. पत्रा गळत असेल तर तो ओला करून, न फोडता, अख्खा उतरवावा आणि नवा बसवावा.

गच्चीचं मात्र उलट आहे. तिथे मी साफ करा म्हणतो, कारण तिथे माणसं चालतात. वाळवण घालायला गेलेली आजी त्या बुळबुळीत थरावरून घसरली तर खुब्याचं हाड मोडतं आणि उरलेलं आयुष्य बदलतं. पण साफ कशाने करायचं? ॲसिडने नको. ॲसिड शेवाळाबरोबर सिमेंटही खातं, आणि आतल्या सळईला गंजापासून जपणारा सिमेंटचा क्षारही कमी करतं. ताठ ब्रश, पाणी आणि गरज पडली तर ब्लिचिंग पावडरचं पातळ द्रावण पुरतं. पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. द्रावणाचं पाणी विहिरीत किंवा झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नये. कोरड्या गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले की शेवाळ बराच काळ दबून राहतं आणि उन्हाळ्यात खालची खोलीही थोडी निवते.

गच्ची घासून झाली की मी पाण्याच्या चार बादल्या ओततो आणि बघत राहतो. पाणी निचऱ्याच्या तोंडापर्यंत पोहोचलं तर काम झालं. मधेच तळं साचलं तर उतार चुकला आहे, आणि हिरवा थर पुढच्या श्रावणात त्याच जागी परत येणार.

इथल्या माणसाला ओलीची भीती वाटते आणि ती खोटी नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. त्याला शेवाळ कारण नव्हतं, निकृष्ट आणि बेकायदा बांधकाम होतं. पण त्या दिवसापासून छताला ओलसर डाग दिसला तरी लोकांचा जीव वरखाली होतो. मी त्यांना सांगतो, वरच्या हिरव्यापेक्षा खालच्या तांबड्याला भ्या. छताच्या खालून गंजाचे डाग, सळईच्या रेषेत जाणारी चीर, पोकळ आवाज देणारा गिलावा दिसला तर मिस्त्री नको, इंजिनिअर बोलवा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, ते घासून थांबत नाही. तीस वर्षं झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिकेच्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे. ती टाळून रंगरंगोटीवर खर्च करणारी सोसायटी दिसली की मला खरोखर वाईट वाटतं.

"काही करायची गरज नाही" असं सांगितलं की त्या दिवसाची मजुरी जाते. तरी ते सांगणं हा माझ्या कामाचाच भाग आहे असं मी मानतो. छपराचं काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी ब्रश नंतर देतो. आधी त्यांना भर पावसात घराच्या आत उभं करतो आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते सांगायला लावतो. ते ज्याला सांगता येतं, त्याला शेवाळ कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.