वाढणे

मराठीतली काही क्रियापदे मोठी लबाड असतात. दिसायला साधी, गरीब. पण व्याकरणाच्या तासाला फळ्यावर उभी केली की हळूच दुसरा चेहरा दाखवतात. ‘वाढणे’ हे त्यांतलेच. मूल वाढते आणि आई भात वाढते. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक; शब्द मात्र एकच. आपल्या भाषेला हा शब्द इतका प्रिय की शुभकार्यात आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडीदेखील फुटत नाही, ती वाढते. मोठे होणे आणि दुसऱ्याच्या ताटात घालणे या दोन क्रियांना एकच शब्द का, याचे उत्तर कोशकारांनी त्यांच्या परीने दिलेले आहे. मला मात्र ते मिळाले एका बोर्डिंगच्या पंगतीत.

१९९२ साली मी आठवीत गेलो आणि घरच्यांनी मला सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या लहानशा बोर्डिंगात ठेवले. मुले सगळी मिळून छत्तीस. कौलारू दोन लांबट खोल्या, पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. हाच ज्याचा त्याचा संसार. महिन्याच्या महिन्याला घरून ज्वारी आणायची. ज्यांच्या घरी ज्वारीच नसे, त्यांच्याबद्दल कोणी विचारायचे नाही, असा अलिखित नियम होता. पहाटे पाचला घंटा, मग पाणी शेंदणे, झाडलोट, प्रार्थना, अभ्यास. स्वयंपाकाला एक वयस्कर मामा होते. देखरेखीला आमचे सर, ते पडवीच्या टोकाच्या खोलीत बिऱ्हाड करून राहत. त्यांचा मार मी कधी खाल्ला नाही. पण ते चष्मा काढून उपरण्याने पुसू लागले की साऱ्या खोलीचा श्वास थांबे.

बोर्डिंगचे खरे राजकारण चाले ते आमटीभोवती. आमटीचा एक स्वभाव आहे. तिची डाळ तळाशी बसते आणि पाणी वर राहते. वाढणाऱ्याने पळी वरच्यावर फिरवली तर ताटात तिखट पाणी पडते. तळापर्यंत नेली तर डाळ येते. तेव्हा वाढपी कोण आणि त्याचा दोस्त कोण, यावर छत्तीस जणांचे दोस्तीचे आणि दुष्मनीचे तह ठरत. कोणाच्या वाटीत डाळ आणि कोणाच्या वाटीत आकाशाचे प्रतिबिंब! पुढे राज्यशास्त्राची पुस्तके चाळताना मला त्यांत नवीन असे फारसे काही आढळले नाही.

सरांनी यावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी तीनच नियम केले. वाढपी दर आठवड्याला बदलेल. पंगत एके दिवशी दाराकडून, दुसऱ्या दिवशी भिंतीकडून सुरू होईल. आणि तिसरा नियम असा की वाढपी सर्वांच्या शेवटी जेवेल, जे उरेल ते. हे झाले आणि पळी आपोआप तळापर्यंत जाऊ लागली. कारण बादली ढवळत राहिल्याशिवाय शेवटी आपल्या वाट्याला काय येईल, याचा कुणालाच भरवसा नव्हता. न्यायबुद्धी माणसाला उपजत असते की नाही, हा वाद तत्त्वज्ञांनी खुशाल घालावा. शेवटी जेवायला बसवले तर ती लवकर येते, एवढे मी पाहिले आहे.

त्याच वर्षी माणदेशाकडून एक मुलगा आला. काटकुळा, मोठ्या डोळ्यांचा, कोणाशी न बोलणारा. आईबाप साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमाराला घर सोडायचे ते उन्हाळ्यापर्यंत कोप्यांतून राहायचे. थोड्याच दिवसांत भाकऱ्या मोजणीला कमी भरू लागल्या. मामा दोनदा मोजत, तिसऱ्यांदा मोजत, आणि स्वतःच्या वयाला दोष देत. मग एका रात्री कोणीतरी त्या मुलाची ट्रंक उघडली. आत कपड्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले भाकरीचे तुकडे निघाले. काही वाळून कडकडीत झालेले, काहींना बुरशी चढलेली.

शनिवारी आमची सभा असे. त्या शनिवारी ती एका विषयावर भरली. एक जण म्हणाला, घरी पाठवा. दुसरा म्हणाला, आठ दिवस उपाशी ठेवा. मुलांची सभा न्याय करायला बसली की तिला दया सुचत नाही, शिक्षाच सुचते. तो मुलगा खांबाला टेकून खाली बघत उभा होता. रडला नाही. रडला असता तर आम्हालाही सोपे गेले असते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, “सोमवारपासून वाढपी हा. भाकरीची टोपली याच्या हातात.”

आमच्यात कुजबुज झाली. दुधाची राखण मांजराकडे! पण सरांच्या निकालावर अपील नसे.

सोमवारी त्याने टोपली घेतली. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. पहिल्या फेरीत एकेक, दुसऱ्या फेरीत एकेक, मग “अजून?” असे विचारत अर्धी. छत्तिसांचे जेवण झाले. तो शेवटी एकटा बसला आणि टोपलीत डोकावून पाहू लागला. तीन भाकऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार उरल्या. चौथ्या दिवशी तो टोपली घेऊन तसाच सरांच्या खोलीकडे गेला आणि दारातूनच म्हणाला, “सर, रोज उरत्यात की वो!”

त्यानंतर भाकऱ्यांचा हिशेब कधी चुकला नाही. सर त्याला कसलाही उपदेश करताना दिसले नाहीत. उद्या मिळेल की नाही, या धास्तीने जो लपवतो, त्याला ‘चोरी करू नये’ असे सांगून काय होणार? त्याला टोपलीचा तळ दाखवावा लागतो. त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांचे जेवण होऊनही उरलेले अन्न स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या आठवड्यात तो एकदम दोन वर्षांनी मोठा झाला. अकर्मक वाढणे हे सकर्मक वाढण्याच्या पाठोपाठ येते ते असे.

आमच्या सरांनी ही युक्ती कोठून घेतली कोण जाणे. पण त्यांच्या खोलीत एकच तसबीर होती, ती कर्मवीर भाऊराव पाटलांची. विद्यार्थिदशेत कोल्हापुरात असताना अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. एका पंगतीतून उठवलेल्या या माणसाने पुढे केवढी पंगत मांडली! १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. त्या काळी बोर्डिंगे बहुधा जातवार असत. येथे मात्र मुले एकत्र राबत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. पण माझे मन अडकते ते लक्ष्मीबाईंपाशी. मुलांच्या दाण्यागोट्यासाठी या माउलीचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांचे चरित्र पुष्कळांना ठाऊक असते. त्या पंगतीत मंगळसूत्र वाढले गेले होते, हे आपण सहज विसरतो.

तिकडे खानदेशात, अमळनेरच्या शाळेच्या छात्रालयात साने गुरुजी याच सुमारास मुलांची अंथरुणे आवरीत होते, त्यांचे कपडे धूत होते आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढीत होते. उपदेश थोडा आणि हात पुढे, अशीच तीही रीत होती.

बोर्डिंगचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. रात्री दिवा गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडणारी मुले मी ऐकली आहेत. थोरल्या मुलांची दादागिरी होती, खरूज होती, आणि पहिल्या पंधरवड्यातच एस. टी. पकडून पळून गेलेले दोघे परत आले नाहीत. पंगत असली म्हणजे माणुसकी आपोआप येते असे नव्हे. पळी कोणाच्या हाती द्यायची आणि केव्हा, हे ओळखणारा एक माणूस तेथे लागतो.

हल्ली आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुले रांगेत उभी राहून आपापले ताट आपणच भरून घेतात. स्वच्छ, सोयीची पद्धत आहे. माझी तक्रार नाही. फक्त एवढेच मनात येते की या मुलांना तीन-चार वर्षांत दुसऱ्याच्या ताटाकडे बघण्याचे कारणच पडत नाही. शेजाऱ्याला काय हवे, कोणाला कमी पडले, कोण न जेवता उठला, हे पाहण्याची नजर मग त्यांना कोणत्या तासाला मिळणार?

त्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट सांगायची राहिली. सुट्टीत आम्ही सगळे घरोघर गेलो. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते अशी पाच मुले तेवढी मागे राहिली. त्यांत तो होता. गावातल्या चार घरांनी त्यांच्यासाठी फराळाचे डबे पाठवले आणि वाटणीचे काम अर्थातच त्याच्याकडे आले. सुट्टी संपवून आम्ही परतलो, तेव्हा प्रत्येकाच्या ट्रंकेवर वहीच्या कागदाची एकेक पुडी ठेवलेली होती. आत एक चकली. एकतीस ट्रंका, एकतीस पुड्या.

चकल्या साफ मऊ पडल्या होत्या. घरचा फराळ खाऊन कंटाळलेल्या त्या आम्हा मुलांनी त्या पडवीत बसून, एकही तुकडा न टाकता खाल्ल्या. तो दारात उभा राहून सगळ्यांना मिळाली की नाही, ते बोटांवर मोजत होता.