उघडी वही

हिशेब चोख असेल तर वही उघडण्यास भय कसले, असे इचलकरंजीचे अण्णा मुनीमजींना नेहमी सांगत. सुताच्या व्यापारात त्यांची चाळीस वर्षे गेली. मधुमेह जडून बारा वर्षे झाली होती. पेठेत मात्र हे कोणास ठाऊक नव्हते.

दिल्लीस कन्येकडे निघताना त्यांनी इन्सुलिनची पेने व सुया मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांत दडवल्या. तपासणीच्या रांगेत ओळखीची माणसे भेटली तर चारचौघांत सुया निघू नयेत, एवढाच हेतू.

सूनबाईंच्या ते ध्यानात आले. "अण्णा, सामानाच्या कक्षात तापमान फार उतरू शकते. इन्सुलिन एकदा गोठले की वितळूनही निरुपयोगी. आणि बॅगच चुकली तर रात्रीच्या इंजेक्शनाचे काय?" त्यांनी सारे औषध हातपिशवीत घेतले. न उघडलेली पेने २ ते ८ अंशांत राहावीत, पण बर्फास टेकू नयेत, म्हणून फडक्यात गुंडाळून थंड जेलच्या पिशवीशेजारी ठेवली. सोबत औषधाचे मूळ खोके आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

पुण्याच्या विमानतळावर रांगेत मागे पेठेतलेच एक व्यापारी उभे होते. अण्णा क्षणभर थबकले. मग कोणी विचारण्यापूर्वीच जवानास म्हणाले, "साहेब, यात इन्सुलिन आणि सुया आहेत." जवानाने चिठ्ठी वाचली, खोक्यावरील नाव ताडून पाहिले आणि पिशवी परत दिली. सारे दोन मिनिटांत आटोपले.

बारा वर्षे मिटलेली एक वही त्या दिवशी उघडली. तिच्यात लपवण्याजोगे काहीच नव्हते.